रस्त्याच्या नावातलं गाव

नाशिकचे रस्ते सरळ स्वभावाचे आहेत. ज्या गावाला जातात त्याचं नाव लावतात. त्र्यंबक रोड त्र्यंबकेश्वरला जातो, दिंडोरी रोड दिंडोरीला, पेठ रोड पेठला, गंगापूर रोड गंगापूरला. मग शरणपूर रोड कुठं जातो?

शाळेची सगळी वर्षं मी या रस्त्यानं सायकलवर ये-जा केली, पण हा प्रश्न मला पडला नाही. शरणपूर रोड म्हणजे दुकानं, बँका, दवाखाने, महापालिकेचं राजीव गांधी भवन, पुढं कॅनडा कॉर्नर, आणि स्वेटर घ्यायला आईबरोबर जायचं ते तिबेटियन मार्केट. शरणपूर नावाचं गाव आम्ही कधी शोधलं नाही, कारण आम्ही त्या गावातूनच जात होतो. शहरानं ते कधीच पोटात घेतलं होतं. उरलं होतं ते नाव, आणि रस्त्यापासून थोडं आत, संत आंद्रियाच्या नावाचं एक प्रार्थनामंदिर.

गेल्या हिवाळ्यात नाशिकला गेले तेव्हा ठरवून एका रविवारी सकाळी तिथं जायला निघाले. सीबीएस बसस्थानकापासून हे अंतर चालत पंधरा-वीस मिनिटांचं. मुंबईहून रेल्वेनं येणाऱ्याला कसारा घाट चढून नाशिकरोड स्टेशनवर उतरावं लागतं आणि तिथून बस किंवा रिक्षानं शहरात यावं लागतं. दीडशे वर्षांपूर्वी शरणपूर नाशिकच्या पश्चिमेला मैलभर, माळावर वसलेलं स्वतंत्र खेडं होतं. आज तो मैल नुसता पायांनी चालून समजत नाही. दुकानांच्या पाट्या मनातून पुसाव्या लागतात, सिग्नल पुसावे लागतात आणि तिथं गवत, बैलगाडीची चाकोरी आणि लांबवर दिसणारे त्र्यंबकचे डोंगर ठेवावे लागतात.

मी पोचले तेव्हा उपासना सुरू झाली होती. मागच्या बाकावर जागा मिळाली. पेटीवर सूर धरला होता आणि मंडळी मराठी गीत म्हणत होती. चाल अभंगाची. माझ्या आजीच्या तोंडी अशाच वळणाच्या चाली असत, त्यामुळे शब्द माहीत नसतानाही पुढची ओळ कुठं उतरणार ते कानाला कळत होतं. पाळकांनी उपदेश केला, दानार्पण झालं, आजाऱ्यांसाठी आणि परगावी शिकायला गेलेल्या मुलांसाठी प्रार्थना झाली. उपासना संपल्यावर शेजारच्या आजींनी माझ्याकडे वळून हात जोडले आणि म्हणाल्या, "सलाम. कुठल्या तुम्ही?"

मी म्हटलं, "इथलीच. पण आत पहिल्यांदा आले."

त्यांना त्याचं काही वाटलं नाही. आम्ही बाहेर येऊन झाडाखाली बसलो. त्यांच्या सासरची माणसं तीन-चार पिढ्यांपासून शरणपूरची. मी कशासाठी आले ते सांगितलं, तेव्हा त्या जरा थांबून म्हणाल्या, "आफ्रिकेची लेकरं इथं राहून शिकून गेली, एवढं आमच्या सासूबाई सांगायच्या. पुढं त्यांचं काय झालं?"

या लेखात मी जे लिहिते आहे ते आजींच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सुरुवात १८३२ सालापासून करावी लागते. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीनं त्या वर्षी नाशिकमध्ये काम सुरू केलं. पहिल्या मिशनऱ्यांत चार्ल्स पिनहॉर्न फॅरर होते. त्यांचा मुलगा फ्रेडरिक मुंबईत जन्मला आणि पुढं इंग्लंडात कँटरबरीच्या कॅथेड्रलचा डीन झाला. नाशिक हे तीर्थक्षेत्र. रामकुंडावर देशभरातून माणसं येतात, क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. अशा गावात नव्या धर्माचं काम सोपं नव्हतं, आणि ज्यानं बाप्तिस्मा घेतला त्याचं जिणं त्याहून अवघड होतं. घर सुटायचं, पाणवठा सुटायचा, धंदा सुटायचा. भावकी दार लावून घ्यायची. अशा माणसानं राहायचं कुठं आणि खायचं काय, हा धर्मशास्त्राचा प्रश्न नव्हता, पोटाचा आणि छपराचा होता.

त्याचं उत्तर म्हणून १८५४-५५ च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्यानं गावाबाहेर वस्ती उभी केली. घरं, शाळा, अनाथाश्रम, कामाच्या शाळा आणि प्रार्थनेची जागा. नाव ठेवलं शरणपूर.

या नावाकडे जरा थांबून पाहायला हवं. आपल्याला ते कुठल्याही मराठी गावाच्या नावासारखं वाटतं, आणि तसं ते आहेच. पण मराठी पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला त्यात आणखी एक अर्थ ऐकू येतो. जुन्या करारात अशा सहा नगरांची व्यवस्था सांगितली आहे, जिथं हातून नकळत मनुष्यहत्या झालेला माणूस सूडाच्या भयानं धावत येईल आणि वेशीच्या आत आला की न्याय होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. मराठी भाषांतरात त्या नगरांना शरणपुरं म्हटलं आहे. ज्यांच्यामागे कुणी लागलं आहे, ज्यांना मागे फिरायला घर नाही, त्यांचं गाव. नाशिकच्या माळावर हे नाव नुसतं शोभेचं राहिलं नाही. ते गावाचं काम ठरलं. आणि काही वर्षांतच त्या कामाला समुद्रापलीकडून माणसं आली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार भरात होता. आजच्या मलावी, मोझांबिक आणि टांझानियाच्या अंतर्भागातून माणसं पकडायची, साखळदंडात जखडून किनाऱ्यापर्यंत चालवायची, किल्वा आणि झांझिबारच्या बाजारात विकायची आणि गलबतांतून अरबस्तान व इराणच्या आखाताकडे पाठवायची, असा त्याचा मार्ग होता. ब्रिटिश आरमाराची गस्तीची जहाजं अशी गलबतं पकडत. त्यांतून सुटलेल्या माणसांत मुलं पुष्कळ असत. त्यांना परत घरी सोडणं जवळजवळ अशक्य होतं. घर कुठं ते लहान मुलाला सांगता येत नसे, आणि सांगितलं तरी तिथवरच्या वाटेवर तेच व्यापारी होते. मग ती मुलं एडनला किंवा मुंबईला उतरवली जात. मुंबईत पोलिस आयुक्तांच्या हाती दिली जात आणि तिथून काही घरांत, काही मिशनच्या शाळांत पाठवली जात.

मुंबईत या मुलांची काळजी घेणाऱ्यांत कार्ल विल्हेल्म इसेनबर्ग हा जर्मन होता. चर्च मिशनरी सोसायटी ही अँग्लिकन संस्था. पण सुरुवातीच्या दशकांत तिला इंग्लंडमधून परदेशी जायला माणसं मिळत नसत, म्हणून बासेलच्या मिशन विद्यालयात तयार झालेले जर्मन तरुण ती नेमत असे. त्यांतले बरेचसे लूथरच्या परंपरेत वाढलेले. इसेनबर्ग आधी अबिसिनियात होता. त्यानं अम्हारिक भाषेचा शब्दकोश आणि व्याकरण लिहिलं. तिथून बाहेर पडावं लागल्यावर तो मुंबईला आला. आफ्रिकेची ओळख असलेला माणूस मुंबईत, आणि आफ्रिकेची मुलं मुंबईच्या धक्क्यावर. त्या मुलांसाठी त्यानं आश्रम चालवला आणि १८६० च्या सुमारास तो आश्रम शरणपूरला आला.

म्हणून शरणपूरच्या इतिहासात एक लूथरन धागा आहे. तो नाशिकहून निघून थेट मोंबासापर्यंत जातो. तिकडे आपण येऊच.

आता ते शरणपूर डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला नाशिक-नगरकडची मराठी घरं, भावकीनं टाकलेली. दुसऱ्या बाजूला याओ आणि इतर आफ्रिकी समाजांतली मुलंमुली, आईबापांपासून तुटलेली. शाळेत लिहिणं-वाचणं, गणित, भूगोल. कार्यशाळेत सुतारकाम आणि लोहारकाम. त्यांच्या कानावर एकाच दिवसात मराठी, हिंदुस्तानी आणि इंग्रजी पडत असे. सकाळ-संध्याकाळ घंटा झाली की सगळे प्रार्थनेला. रंधा, वाकस, पटाशी धरायला शिकलेले हात रविवारी प्रार्थनेचं पुस्तक धरत.

मुलांना नवी नावं मिळाली. ती नावं वाचताना माझं मन दुखतं. सायमन प्राइस, कॅरस फॅरर, रिचर्ड इसेनबर्ग. वस्ती वसवणाऱ्या प्राइसचं, नाशिकच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी फॅररचं आणि आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या इसेनबर्गचं आडनाव या मुलांच्या अंगावर चढलं. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स ही नावं तर इंग्लंडच्या कुठल्याही पंचक्रोशीतली वाटावीत. मायेनं दिलेलं नावसुद्धा आधीचं नाव झाकून टाकतं. आईनं हाक मारलेली नावं बहुतेकांची कागदावर आलीच नाहीत.

१८६५ च्या सप्टेंबरात आफ्रिकेचा प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईला आला. नाईल नदीच्या उगमाचा शोध घ्यायची त्याची शेवटची मोहीम ठरत होती. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर त्याच्या पाठीशी होते. आफ्रिकेत चालत जायचं तर तिथली माणसं, तिथली भाषा जाणणारी आणि हातात कारागिरी असलेली माणसं हवीत, म्हणून तो नाशिकला आला. त्याच वर्षाच्या आरंभी थळ घाटातून, म्हणजे आजच्या कसारा घाटातून, रेल्वे सुरू झाली होती, आणि मुंबई-नाशिक ही वाट नव्यानंच जवळ आली होती. शरणपूरचे नऊ तरुण त्याच्याबरोबर जायला निघाले. १८६६ च्या जानेवारीत 'थूल' नावाच्या जहाजातून सगळे मुंबईहून झांझिबारला गेले.

या नऊ जणांची कहाणी सोपी नाही, आणि तिला सोनेरी मुलामा देणं अन्यायाचं होईल. ज्या वाटांनी त्यांना लहानपणी बांधून आणलं होतं त्याच वाटांनी ते आता मोकळेपणी उलटे चालत होते. वाटेत मेलेली, झाडाला बांधून सोडलेली माणसं त्यांनी पाहिली. रिचर्ड पहिल्याच वर्षी आजारानं गेला. काही वाटेत गळाले, काही पुढं मेले. पण एडवर्ड गार्डनर हा त्यांतला एक शेवटपर्यंत लिव्हिंगस्टनजवळ होता.

१८७२ साली आणखी तरुण गेले. लिव्हिंगस्टनची बातमी लागत नव्हती म्हणून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं शोधपथक पाठवलं, त्यात शरणपूरची सहा मुलं होती: जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, कॅरस फॅरर, मॅथ्यू वेलिंग्टन, रिचर्ड रटन आणि बेंजामिन रटन. झांझिबारला पोचतात तो पत्रकार हेन्री स्टॅन्ली लिव्हिंगस्टनला भेटून परत आलेला. पथक मोडलं, पण ही मुलं घरी फिरली नाहीत. स्टॅन्लीनं जमवलेल्या तांड्यातून ती उन्यान्येंबेला, लिव्हिंगस्टनपाशी जाऊन पोचली.

१ मे १८७३ च्या पहाटे, बांगवेउलू सरोवराच्या दक्षिणेला चितांबो या मुखियाच्या गावात, एका गवती झोपडीत लिव्हिंगस्टन वारला. बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत तो सापडला. पुढं काय करायचं ते आता त्याच्याबरोबरच्या माणसांच्या हाती होतं. सांगणारा कुणी गोरा माणूस शेकडो मैलांत नव्हता. शव तिथंच पुरून मोकळं होता आलं असतं. त्यांनी ठरवलं की ते त्याच्या माणसांपर्यंत न्यायचं.

त्यांनी हृदय आणि आतडी काढून एका पत्र्याच्या पेटीत घातली आणि एका मोठ्या झाडाखाली पुरली. त्या वेळी जेकब वेनराइटनं प्रार्थनेच्या पुस्तकातून अंत्यविधीची प्रार्थना वाचली. मग त्यानं झाडाच्या बुंध्यावर लिव्हिंगस्टनचं नाव आणि तारीख कोरली.

शरणपूरच्या झाडाखाली बसून मी हे सांगत होते तेव्हा आजींनी विचारलं, "कुठं शिकला असेल तो कोरायला?" मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "इथंच की."

इथंच. लिहायला इथं शिकला, प्रार्थना इथं पाठ झाली आणि शरणपुरातल्या मुलांना सुतारकामही इथंच शिकवत. या वस्तीचं सगळ्यांत छोटं प्रार्थनामंदिर आफ्रिकेच्या मधोमध, एका झाडाच्या रूपानं काही घटका उभं राहिलं, असं मला वाटतं. त्याला भिंत नव्हती. लाकूड होतं, अक्षर होतं आणि अंत्यविधीची प्रार्थना वाचू शकणारा एक तरुण होता.

शव मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळवलं. कापडात गुंडाळलं, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातलं, वर शिडाचं कापड शिवलं आणि डांबर फासलं. मग साठ-सत्तर माणसांचा तांडा निघाला. लिव्हिंगस्टनबरोबरचे सुसी आणि चुमा हे पुढारी. हा चुमाही मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिलेला. पूर, ताप, उपासमार, प्रेत घेऊन जाणाऱ्यांना वाट न देणारी गावं, असं सगळं ओलांडत ते चालले. उन्यान्येंबेत त्यांना इंग्रज अधिकारी कॅमेरॉन भेटला. इथंच पुरून टाका, असा त्यानं सल्ला दिला. त्यांनी ऐकलं नाही. नऊ महिन्यांनी, १८७४ च्या फेब्रुवारीत, ते बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले.

तिथून जहाजानं शवाबरोबर इंग्लंडला गेला तो जेकब वेनराइट. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनला पुरलं. शवपेटीला हात लावणाऱ्या आठ जणांत स्टॅन्ली होता, झांझिबारचा ब्रिटिश कॉन्सल जॉन कर्क होता आणि शरणपूरच्या शाळेतला जेकब होता. त्याची रोजनिशी आजही उरली आहे. लिव्हिंगस्टनबरोबर चाललेल्या आफ्रिकी माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेला असा वृत्तांत फार दुर्मीळ. ते झाड १८९९ साली तोडावं लागलं. कोरलेल्या अक्षरांचा बुंधा लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे नेला आणि झाडाच्या जागी १९०२ साली स्मारक उभं राहिलं. ते आज झांबियात आहे.

आजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं होतं. बहुतेक पुस्तकंही इथंच थांबतात, कारण पुस्तकं लिव्हिंगस्टनबद्दल असतात. पण मला शरणपूरबद्दल सांगायचं आहे, आणि शरणपूरची गोष्ट इथून पुढं जास्त उजळते.

मोंबासापासून थोडं आत, टेकडीवर रबाई नावाचं गाव आहे. तिथं १८४६ साली योहान लुडविग क्राप्फ आणि योहानेस रेबमान या दोन जर्मनांनी ठाणं मांडलं. दोघेही वुर्टेंबर्गचे, लूथरन घरांत वाढलेले, बासेलला शिकलेले आणि इंग्रज सोसायटीच्या चाकरीत. इसेनबर्ग आणि क्राप्फ अबिसिनियात एकत्र होते. रेबमाननं १८४८ साली किलिमांजारोचं हिमशिखर पाहिलं आणि युरोपात तसं लिहून कळवलं, तेव्हा विषुववृत्ताजवळ बर्फ असेल यावर विद्वानांचा विश्वास बसला नाही. क्राप्फ प्रकृतीमुळे परतला. रेबमान मात्र वर्षानुवर्षं रबाईला राहिला. त्याच्या छोट्या प्रार्थनाघरात येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. डोळे अधू होत चालले होते.

१८६४ साली त्याच्या मदतीला नाशिकहून माणसं गेली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर आपापल्या बायकांसह, आणि त्यांच्या पाठोपाठ जॉर्ज डेव्हिड. टेकडीवरच्या त्या लूथरन माणसाच्या प्रार्थनाघराला हात मिळाले ते शरणपूरचे. जोन्सचं तिथं लगेच बसलं नाही, तो मधे मुंबईला परतलाही. पण नाशिक-रबाई ही वाट पडली ती पडलीच.

१८७३ साली झांझिबारच्या सुलतानाबरोबर करार होऊन गुलामांचा खुला बाजार बंद झाला. ती बोलणी करायला बार्टल फ्रेअरच गेले होते. सुटलेल्या गुलामांना वसवायला किनाऱ्यावर जागा हवी, असं त्यांनी सुचवलं, आणि मुंबईत असताना पाहिलेलं शरणपूर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. १८७४ च्या अखेरीस चर्च मिशनरी सोसायटीनं हे काम कुणाकडे द्यावं? शरणपूर वसवणाऱ्या प्राइसकडेच. त्यानं मोंबासा बेटासमोर मुख्य भूमीवर जी वस्ती उभारली ती फ्रेअर टाउन. तिथं शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे म्हणून मुंबई-नाशिकहून दीडशेच्या आसपास आफ्रिकी माणसं गेली. पूर्व आफ्रिकेत त्यांना एक नावच पडलं, 'बॉम्बे आफ्रिकन्स'. शरणपूरचा आफ्रिकी आश्रम त्यानंतर रिकामा झाला. गाव राहिलं, पण त्याचा एक हात समुद्रापलीकडे गेला.

फ्रेअर टाउनमध्ये घंटा बांधली होती. गुलाम पकडणाऱ्यांची गलबतं दिसली की ती वाजायची. ती घंटा अजून आहे. मोंबासातले लोक त्या चौकाला केंगेलेनी म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा, केंगेलेनी म्हणजे घंटेपाशी. तिथून रोज हजारो माणसं बसनं जातात. नाशिकला शरणपूर रोडनं जातात तशीच.

विल्यम जोन्स पुन्हा रबाईला गेला. १८८५ साली बिशप हॅनिंग्टननं त्याला आणि सेमलरला डीकनची दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप युगांडाकडे निघाला, तेव्हा जोन्स तांड्याबरोबर होता. बिशपनं त्याला मधल्या मुक्कामावर ठेवलं आणि स्वतः थोडी माणसं घेऊन पुढं गेला. ऑक्टोबरात बुसोगाच्या मुलखात त्याची हत्या झाली. उरलेली माणसं गोळा करून, उपाशीतापाशी, जोन्सनं तो तांडा किनाऱ्याला परत आणला. जेकबनं एक शव वाहून आणलं होतं. जोन्सनं जिवंत माणसं आणली.

आणि मग रबाईत ते घडलं, ज्यासाठी मला ही सगळी वाट चालावीशी वाटली. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून गुलाम पळून येऊ लागले. ते कुठं गेले? जोन्सच्या रबाईला. त्यानं त्यांना ठेवून घेतलं. त्यांनी झोपड्या घातल्या, शेतं केली, त्यांची मुलं शाळेत बसू लागली. कायद्यानं ही माणसं मालकांची मालमत्ता होती आणि पळून आलेल्याला आसरा देणं गुन्हा होता. १८८८ साली मालकांनी तक्रार उठवली, हल्ल्याची भीती पसरली. सोसायटीनं तोड काढायला पुन्हा एकदा म्हाताऱ्या प्राइसला पाठवलं. अखेर त्या भागात नव्यानं आलेल्या ब्रिटिश कंपनीचे अधिकारी मॅकेंझी यांनी मालकांना मोबदला द्यायचं मान्य केलं. १ जानेवारी १८८९ रोजी रबाईत सुटकेचे कागद वाटले. चौदाशेच्या आसपास माणसं त्या दिवशी स्वतःची झाली.

ते दृश्य मी पुन्हा पुन्हा मनात उभं करते. एका बाजूला प्राइस, ज्यानं नाशिकच्या माळावर गावाला शरणपूर नाव दिलं. दुसऱ्या बाजूला जोन्स, जो लहानपणी त्या गावात शरण आला होता. आणि समोर, जोन्सनं शरण दिलेली शेकडो माणसं. शरण मिळालेल्या मुलानं मोठेपणी स्वतःचं शरणपूर उभं केलं. लिव्हिंगस्टनच्या नावावर पुस्तकं आहेत, पुतळे आहेत. शरणपूरची खरी थोरवी मला या टेकडीवर दिसते, जिथं शरण दिली ती नाशिकच्या कुणा साहेबानं नव्हे, नाशिकच्या एका विद्यार्थ्यानं.

बाकीच्यांचं थोडक्यात. जेकब वेनराइट पूर्व आफ्रिकेतच राहिला आणि १८९२ साली उरांबो इथं वारला. मॅथ्यू वेलिंग्टन सगळ्यांत दीर्घायुषी. १९३५ साली मोंबासात तो गेला, तेव्हा लिव्हिंगस्टनला पाहिलेल्या शेवटच्या माणसांपैकी तो एक होता. रबाईत क्राप्फच्या नावाचं संग्रहालय आहे.

आणि नाशिकचं शरणपूर? सोसायटीचे गोरे मिशनरी गेले. १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात इथलीही मंडळी सामील झाली. मराठी ख्रिस्ती साहित्याचंही नाशिकशी नातं घट्ट आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर, आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या या बाईंनी १९३६ साली शेवटचा श्वास घेतला तोही नाशिकातच. शहर वाढत आलं आणि त्यानं खेड्याला वळसा घातला. आज शरणपूर पाहायला येणाऱ्यानं किल्ल्यासारखं किंवा लेण्यासारखं काही भव्य शोधू नये. रविवारी सकाळी यावं, उपासनेला बसावं, गीत ऐकावं आणि नंतर कुणा वडीलधाऱ्यांशी बोलावं. नाताळच्या दिवसांत आलात तर आणखी बरं.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मधेच त्यांनी माझ्या वहीकडे बोट दाखवलं. "त्या मुलांची नावं लिहून द्या मला. पुढच्या रविवारी प्रार्थनेत घ्यायला सांगते."

मी कोऱ्या पानावर नावं लिहिली. जेकब वेनराइट. जॉन वेनराइट. कॅरस फॅरर. मॅथ्यू वेलिंग्टन. रिचर्ड रटन. बेंजामिन रटन. एडवर्ड गार्डनर. सायमन प्राइस. रिचर्ड इसेनबर्ग. विल्यम जोन्स. इश्माएल सेमलर. जॉर्ज डेव्हिड. पान फाडून दिलं. त्यांनी चष्मा सावरून एकेक नाव हळू वाचलं.

"ही मिशननं ठेवलेली," त्या म्हणाल्या. "घरची?"

"ती बहुतेकांची कुणी लिहून ठेवली नाहीत."

त्यांनी कागद परत माझ्यापुढे धरला. "मग खाली थोडी जागा सोडा. देवाला ठाऊक असतील."

मी शेवटच्या नावाखाली एक रेघ ओढली आणि पानाचा खालचा भाग कोरा ठेवला. त्यांनी घडी घालून तो कागद गीतांच्या पुस्तकात ठेवला. मी परत सीबीएसकडे निघाले, तेव्हा तिबेटियन मार्केट उघडत होतं. डोंगरापलीकडून आलेल्या, मागे फिरायला घर नसलेल्या माणसांची मुलं-नातवंडं दोरीवर स्वेटर टांगत होती, शरणपूर रोडवर.